गाडी कोकणात, खाडी बोटीवर : हैदराबादकरांचा हिशेब

विद्यानगरला आपली मासिक बैठक भरते तेव्हा वाद होतो तो कार्यक्रमाच्या तारखेवरून, नाहीतर फराळाच्या खर्चावरून. गेल्या खेपेला तो बोटीवरून झाला. एका काकांनी कात्रण आणले होते. मुंबईहून विजयदुर्गला आता गाडीसकट बोटीने जाता येणार, तेही पाच तासांत. "मग दिवाळीनंतर आपणही तसेच जाऊ की," काका म्हणाले. मुलाकडे स्कॉटलंडला तीन महिने राहून आलेल्या एका ताईंनी लगेच विचारले, "भाडे किती?" कात्रणात तेही होते. वाचून दाखवल्यावर काकांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहा मागवला.

पण विषय तिथे संपला नाही. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे वर्षाआड कोकणात जातात. कुणाचे कुलदैवत गुहागरचे व्याडेश्वर, कुणाची सोयरीक दापोलीकडची, कुणाला नुसता समुद्र बघायचा असतो. हंगामात रेल्वेचे आरक्षण हाती लागत नाही. लागले तरी स्टेशनपासून गावापर्यंतचा प्रश्न उरतोच. म्हणून गाडी काढली जाते. गाडीने जायचे म्हटले की कोकणात रस्ता दर काही कोसांवर खाडीशी येऊन थांबतो, आणि पुढचा हिशेब बोटीचा असतो. तो हिशेब नीट मांडावा असे ठरले, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी बातमीचे बघू. मुंबई–जयगड–विजयदुर्ग अशी ही रो-रो सेवा. रो-रो म्हणजे गाडी एका बाजूने चालवत आत न्यायची आणि मुक्कामाला चालवतच बाहेर काढायची. बोटीत ६५६ प्रवासी, ५० मोटारी आणि ३० दुचाकी मावतील, वेग २५ नॉट असेल, जयगडला तीन तास आणि विजयदुर्गला पाच तास लागतील, असे ऑगस्ट २०२५ मध्ये सांगण्यात आले. ती गणपतीपूर्वी सुरू व्हावी असा बेत होता. चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि तारीख १ सप्टेंबरवर गेली. यात नवल नाही. गणपतीत चाकरमान्यांची गर्दी सर्वांत जास्त असते आणि नेमका तेव्हाच समुद्र पावसाळ्यातून पुरता बाहेर आलेला नसतो. खुल्या समुद्रातल्या कुठल्याही बोटीला हा पेच सुटणार नाही. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तेवढा जरा हात मोकळा.

जाहीर झालेले भाडे असे : साधा वर्ग माणशी २५०० रुपये, त्यावरचा ४०००, बिझनेस ७५००, पहिला वर्ग ९०००. मोटारीला ६०००, दुचाकीला १०००, सायकलला ६००, मिनी बसला १३,०००. म्हणजे चौघांचे कुटुंब साध्या वर्गाने गाडी घेऊन निघाले तर एका वेळचे १६,००० रुपये, जाऊन-येऊन ३२,०००.

मुंबईहून विजयदुर्ग रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या साध्या पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे सात रुपये धरले तर तीन-सव्वातीन हजारांचे पेट्रोल, वर टोल. बोट त्याच्या चौपट-पाचपट पडते. मुंबईकराला ते परवडेलही. मुंबई–गोवा महामार्गाचे रडगाणे इतकी वर्षे ऐकल्यावर आठ-दहा तासांचा छळ वाचवायला कुणी जादा पैसे मोजले तर त्याला दोष कसा द्यावा? पण हैदराबादकराने नकाशा काढून बघावा. विद्यानगरहून मुंबई सातशे किलोमीटरच्या घरात. आणि विजयदुर्ग? सोलापूर, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, तळेरे करत गेलात तर तेही जवळपास तेवढेच. म्हणजे बोट पकडायला जितके चालवायचे, तितक्यात आपण थेट विजयदुर्गच्या किल्ल्याखाली पोहोचतो. काकांच्या योजनेतली ग्यानबाची मेख ही. मुंबईहून सुटणारी कुठलीही बोट दख्खनवरून उतरणाऱ्या माणसासाठी नाहीच.

(निजामालाही समुद्र नव्हता, आणि त्याला तो हवा होता. मार्मागोव्याच्या बंदरासाठी पोर्तुगिजांशी बोलणी करून बघितली गेली होती. ती फळाला आली असती तर आज विद्यानगरच्या बैठकीत वेगळ्याच बोटीवरून वाद झाला असता.)

आपल्या कामाच्या बोटी दुसऱ्या आहेत. त्यांच्या बातम्या होत नाहीत. खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर जाणाऱ्या, सपाट तळाच्या, तोंडाशी लोखंडी फळी टाकणाऱ्या फेरीबोटी. कोकणात त्यांना सर्रास 'जंगल जेटी' म्हणतात आणि पहिल्यांदा ऐकणारा जंगल शोधत बसतो. उत्तरेकडून मोजायचे तर मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूचे आगरदांडा ते श्रीवर्धनकडचे दिघी, मग बाणकोट खाडीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. दाभोळ–धोपावे ही यातली जुनी, २००३ मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंग या खासगी कंपनीने सुरू केलेली. त्याआधी दापोलीकडून गुहागरला गाडीने जायचे तर खेड, चिपळूण असा वळसा होता. माणसे तरीतून जात, गाडी मात्र मागेच राही.

हा वळसा आजही मोजून बघण्यासारखा आहे. दापोलीहून खेड, चिपळूण करत गुहागर म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त, त्यातले बरेच घाट-वळणाचे. दाभोळहून बोटीने धोपाव्याला उतरलात तर सगळे मिळून चाळीस-पन्नास. पेट्रोलचेच चारशे रुपये आणि दीड-दोन तास वाचतात. बोटीचे भाडे गाडी आणि माणसे धरून शेकड्यात आहे, हजारात जात नाही. वसई–भाईंदर ही अशीच छोटी फेरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिथे रस्त्याने ३९ किलोमीटरचा फेरा पडतो, पाण्यावरून साडेतीन. सुरुवातीला मोटारीला १८० आणि प्रवाशाला ३० रुपये असा दर होता. म्हणजे रस्त्याने गेल्यावर जे पेट्रोल जाळले असते, साधारण तेवढेच बोटीला द्यायचे आणि वेळ फुकटात वाचवायचा. हे गणित शहाण्याला पटते, म्हणून या बोटी सरकारी भाडेसवलतीवाचून वर्षानुवर्षे चालल्या.

सगळीकडे सारखाच फायदा होतो असे मात्र नाही. तवसाळ–जयगडचे घ्या. गुहागरहून गणपतीपुळ्याला जायला भातगावच्या पुलावरून आतला रस्ता आहे. बोटीने अंतर कमी होते, पण पैशांत फार फरक पडत नाही, आणि बोट समोर नुकतीच सुटलेली असली तर वेळही वाचत नाही. तिथे बोट घ्यावी ती शास्त्रीचे मुख आणि जयगडचा किल्ला पाण्यावरून दिसतो म्हणून. आमच्यातल्या एका घरी ऐंशी ओलांडलेल्या आजी आहेत. त्यांचे मत याहून वेगळे पडले. "वळणाच्या रस्त्याने माझ्या पोटातले पाणी हलते, बोटीत नाही," असे त्या म्हणाल्या. हिशेबात हेही धरावे लागते.

हैदराबादकरासाठी या साऱ्यात गुहागर सोयीचे का, तेही सांगू. सोलापूर, पंढरपूर, कराड, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर, हा रस्ता आपल्याला सरळ पडतो. गुहागर दोन फेरीबोटींच्या मधोमध बसलेले आहे. उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर धोपावे, दक्षिणेला तवसाळ. एका दिवसात दाभोळला जाऊन चंडिकेचे दर्शन घेऊन परत येता येते. परतीला जयगडकडे उतरून गणपतीपुळे, रत्नागिरी आणि आंबा घाट चढून कोल्हापूर. गेलो त्याच रस्त्याने परत यायला नको, आणि मुंबई कुठेच लागत नाही.

आता ताईंच्या स्कॉटलंडकडे वळू, कारण बैठकीतला खरा प्रश्न त्यांनी विचारला होता. बोटीचे भाडे ठरवायचे कसे? त्यांच्या मुलाने भाड्याच्या गाडीतून त्यांना पश्चिमेच्या बेटांवर फिरवले. बोटीचे तिकीट बघून त्यांना वाटले होते त्यापेक्षा ते पुष्कळ कमी निघाले. असे का, याचा शोध घेतला तर त्यामागे एक ठरवून आखलेले धोरण आहे. तिथल्या सरकारने २००८ मध्ये काही बेटांपुरता एक प्रयोग सुरू केला. समुद्रावरचे जितके अंतर, तितकेच अंतर रस्त्याने गाडी चालवायला जो खर्च येईल, त्यावर बोटीचे भाडे बेतायचे, वर थोडी ठरावीक रक्कम. कल्पना साधी आहे. बेटावरच्या माणसाने समुद्रामुळे दंड का भरावा? बोट हाच त्याचा रस्ता. २०१५ पर्यंत हा दर पश्चिम किनाऱ्याच्या सगळ्या सरकारी मार्गांना लागू झाला. तूट अर्थातच सरकार भरते.

हीच फूटपट्टी आपल्या विजयदुर्गच्या बोटीला लावून बघितली. २५ नॉट वेगाने पाच तास म्हणजे १२५ सागरी मैल, सुमारे २३० किलोमीटर. किलोमीटरला सात रुपयांनी मोटारीचे होतात सोळाशे. जाहीर भाडे ६०००. हा आमचा चहाच्या टेबलावरचा कच्चा हिशेब आहे, आणि बोट मोटारीपेक्षा किती तरी जास्त इंधन खाते हेही आम्हाला ठाऊक आहे. तरी यातून एक गोष्ट दिसते. फरकाचे जे पैसे आहेत ते कुणीतरी भरायचे असतात. स्कॉटलंडमध्ये ते करदाता भरतो. इथे ते तिकीट काढणारा भरतो. आपल्याकडे केंद्राच्या सागरमाला योजनेतून जेट्ट्या बांधायला पैसा मिळतो, पण जेटी बांधून झाल्यावर तिच्यावरून जाणाऱ्या माणसाच्या तिकिटाचा विचार त्याच निकराने होताना दिसत नाही. सिमेंट दिसते, फीत कापता येते. दरमहा भरायची तूट कुणाला दाखवता येत नाही.

बाकी स्कॉटलंडचे सगळे गोड नाही, हे ताईंनीच सांगितले. भाडे उतरले तसे पर्यटक वाढले, त्यांच्या गाड्या वाढल्या, आणि उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला दवाखान्यात जायला बोटीत जागा मिळेना. भाडे कमी केले, पण बोटी त्या वेगाने वाढवल्या नाहीत. 'ग्लेन सॅनॉक्स' नावाच्या नव्या बोटीचे कंत्राट २०१५ मध्ये दिले, ती २०१८ मध्ये यायची होती, प्रत्यक्ष सेवेत आली जानेवारी २०२५ मध्ये. दरम्यान जुन्या बोटी बिघडत राहिल्या. कोकणात मे महिन्यात दाभोळच्या धक्क्यावर गाड्यांची रांग ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या रांगेत आपण पाहुणे असतो, आणि आपल्या मागे कुणी धोपाव्याचा विद्यार्थी दुचाकी घेऊन परीक्षेला निघालेला असतो. स्वस्त बोट सगळ्यांसाठी सारखीच स्वस्त ठेवायची की गावकऱ्यांसाठी वेगळा दर आणि राखीव जागा ठेवायची, याचा निर्णय आधी व्हायला हवा. ग्रीसमध्ये २०१८ पासून बेटावर राहणाऱ्यांना बोटीच्या तिकिटातला फरक सरकार परत देते, पर्यटकाला नाही. आम्हाला हा मार्ग जास्त रास्त वाटतो, जरी त्यात आपला खिसा हलका होत असला तरी.

नॉर्वे आणखी पुढे गेला. तिथे फेरी म्हणजे राष्ट्रीय रस्त्याचाच तुकडा मानतात. २०२२ पासून रस्त्याने न जोडलेल्या बेटांच्या काही फेऱ्या मोफतच केल्या. लोफोटेनकडे जाणारी बोडो–मॉस्कनेस ही तीन-साडेतीन तासांची बोटही त्यात आली. पण तेलाच्या पैशावर चालणाऱ्या देशाचे उदाहरण आपल्याकडे फार ताणू नये. जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, मोटारीला नाममात्र. २०२३ मध्ये दुचाकींना दर लावायचा विचार पुढे आला तर लोकांनी एवढा विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. दिवाडी किंवा चोडण बेटावरचा माणूस फेरीला उपकार मानत नाही, हक्क मानतो. एका खाडीपलीकडे महाराष्ट्रात हीच गोष्ट खासगी व्यवसाय आहे. तेरेखोलच्या मुखाशी उभे राहिले की दोन्ही पद्धती जवळजवळ एकाच नजरेत येतात.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांची संख्या आपल्यात दरवर्षी वाढते आहे, म्हणून तिकडच्या बोटींबद्दल दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. भारतातून स्वतःची गाडी बोटीवर घालून परदेशी जाण्याचा विचार सध्या सोडून द्यावा. नागपट्टिनम ते श्रीलंकेतले कांकेसंतुरै ही बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण ती माणसांची आहे, मोटारींची नाही. १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी बुडवले तोवर मद्रासहून आगगाडी आणि बोट जोडून कोलंबोपर्यंत जाता येत होते, त्याची ती दूरची नात म्हणावी.

म्हणून परदेशात गाडी म्हणजे भाड्याची गाडी. आणि भाड्याच्या गाडीचा करार बोटीच्या तिकिटाच्या आधी वाचायचा असतो. त्याच देशातल्या बेटावर नेण्याला बहुधा हरकत नसते. दुसऱ्या देशात न्यायची तर आगाऊ परवानगी आणि जादा विमा लागतो, आणि काही कंपन्या देतच नाहीत. बोटीवर असताना गाडीला काही झाले तर विमा लागू आहे का, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. न्यूझीलंडमध्ये कुकच्या सामुद्रधुनीवर पुष्कळ लोक गाडी वेलिंग्टनला परत करतात, पायी प्रवासी म्हणून बोटीने पिक्टनला जातात आणि तिथे दुसरी गाडी घेतात. तिथे बोटीत गाडीचे भाडे माणसाच्या कितीतरी पट असते, तेव्हा हे स्वस्त पडते. युरोपात भाडे गाडीच्या लांबी-उंचीवर ठरते. टपावर सामानाची पेटी लावली की दर बदलतो, हे आमच्यातल्या एका जोडप्याला धक्क्यावर कळले. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी, भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा निघाले तर तीच बोट स्वस्तात मिळते. २०२४ पासून युरोपीय संघाने जहाजांच्या धुरावर कार्बनची आकारणी सुरू केली आहे. ती टप्प्याटप्प्याने वाढते आहे आणि बऱ्याच कंपन्या ती तिकिटात जोडतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलेल्या दरावर बेत आखू नये.

पुन्हा कोकणात येऊ, कारण तिथे याहून मोठा बदल चालू आहे. रेवस–रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. रेवस–करंजा, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड. यादी नीट वाचली तर आपण वर सांगितलेली प्रत्येक फेरीबोट तिच्यात आहे. बाणकोटच्या पुलाचे काम मागे एकदा सुरू होऊन अडकले होते, त्यामुळे केव्हा काय होईल हे सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. पण व्हायचे ते होईल, आणि व्हावेही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन खाडीशी आलेल्या गाडीला बोटीची वाट पाहायला लावणे हे कुणाच्याही हौसेपेक्षा मोठे संकट आहे. पावसात, वादळात बोट बंद राहते, पूल राहत नाही. समुद्राशी जुगार खेळू नये हे कोकणाला कुणी शिकवायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. रेवस–करंजा पूल त्याच पाण्याच्या शेजारी उभा राहणार आहे.

आमचा प्रश्न पूल झाल्यानंतरचा आहे, आणि तो पुन्हा स्कॉटलंडमधूनच आला. स्काय नावाच्या बेटाला ऑक्टोबर १९९५ मध्ये पूल झाला आणि त्याच वेळी तिथली फेरी बंद केली. पूल खासगी पैशाने बांधलेला, म्हणून टोल. तो एवढा जबर होता की लोक भरायला नकार देऊन खटले अंगावर घेत. २००४ मध्ये जाऊन-येऊन ११.४० पौंड पडत. शेवटी सरकारने पूल विकत घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरात टोल उठवला. मधली नऊ वर्षे बेटावरच्या माणसाला ती जुनी बोटही नव्हती आणि स्वस्त रस्ताही नव्हता.

सागरी महामार्गावरच्या पुलांना टोल लागेल की नाही, लागला तर किती, स्थानिक गाड्यांना काय, हे पूल उभे राहण्याआधी उघडपणे सांगितले जावे. दाभोळच्या खाडीवर आज गाडीमागे जेवढे पैसे जातात त्यापेक्षा पुलाचा टोल जास्त असेल, तर धोपाव्याच्या माणसाच्या दृष्टीने रस्ता महागला. दुसरे म्हणजे पूल झाला त्या दिवशी बोटी हटवू नयेत. पूल मुखापासून आत असेल तर दोन्ही तीरांवरची गावे पुन्हा वळशात जातात. शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला दोन-तीन किलोमीटरचा पूल हा काही फायदा नव्हे. पायी माणसांसाठी आणि दुचाकींसाठी छोटी बोट चालू ठेवायची तर तिला मदत लागेल. ती मदत गोव्याच्या खात्यासारखी सरकारने द्यावी किंवा टोल असेलच तर त्यातून काढावी. आणि तिसरे, फार लहानसे : महाराष्ट्र सागरी मंडळाने सगळ्या फेरीबोटींच्या वेळा, दर आणि पावसाळ्यात कधी बंद याचा तक्ता एका ठिकाणी मराठीत ठेवावा. आज हे कुणाच्या तरी मेव्हण्याला फोन करून विचारावे लागते. हैदराबादहून सहाशे किलोमीटर चालवत आलेल्या माणसाने धक्क्यावर येऊन 'आज बोट बंद' हा फलक वाचणे बरे नव्हे.

यावर बैठकीत सगळ्यांचे एकमत झाले असे नाही. एका वहिनींचे म्हणणे पडले की पूल झाला की दाभोळच्या धक्क्यावरचे चहावाले, भजीवाले, मासळी विकणाऱ्या बायका यांचे काय, हे कुणी लिहीत नाही. ते खरे आहे आणि आमच्याकडे त्याचे उत्तर नाही. काकांचे म्हणणे होते की आपण वर्षातून एकदा जाणारे, आपण कशाला मत द्यायचे? त्यावर आजी म्हणाल्या की व्याडेश्वराला नवस फेडायला आपल्या घरातून शंभर वर्षे माणसे जात आहेत, बैलगाडीने गेली, तरीने गेली, आता मोटारीने जातात, तेव्हा मत असायला हरकत नाही.

दिवाळीनंतर जायचे ठरले आहे. दोन गाड्या, नऊ माणसे. विद्यानगरहून पहाटे चारला निघायचे, सोलापूरच्या पुढे नाश्ता, संध्याकाळी उजेड असताना कुंभार्ली उतरायचा, म्हणजे रात्री गुहागर. दुसऱ्या दिवशी देवदर्शन आणि विश्रांती. तिसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, धोपाव्याहून दाभोळ. फेरीबोटीत गाडी चढवताना पहिला गिअर ठेवावा, खलाशी हाताने सांगेल तसेच वळवावे, उभी केल्यावर हँडब्रेक ओढावा. ओहोटीला फळी आणि धक्का यांच्यात उतार जास्त पडतो, तेव्हा खाली घासणाऱ्या गाड्यांतली माणसे आधी उतरवून घ्यावीत. सुटे पैसे जवळ ठेवावेत. तिसऱ्या गाडीला जागा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पुढच्या बैठकीत सांगावे. काकांनी मुंबईच्या बोटीचे कात्रण अजून टाकलेले नाही, ते भाडे उतरेल अशी त्यांना आशा आहे.